पडणारी वस्तू वजन पाहत नाही

ईदच्या दिवशी आमच्या घरी ईदी वाटण्याचा एक खेळ ठरलेला आहे. शिरखुर्मा झाला, मोठ्यांची गळाभेट झाली, की घरातली मुले आमच्यासमोर रांग लावतात. आम्ही पाचशेची कोरी नोट वरच्या टोकाला धरून उभी लटकवतो. मुलाने अंगठा आणि शेजारचे बोट नोटेच्या मधोमध, नोटेला न लावता उघडे ठेवायचे. आम्ही न सांगता नोट सोडणार. पकडली तर पाचशे रुपये त्याचे, सुटली तर नेहमीची ईदी.

आजवर आमचे पाचशे रुपये कधी गेले नाहीत. धाकटा पुतण्या दरवर्षी रागावतो. "चाचा, तुम्ही काहीतरी लबाडी करता!" या वर्षी दहावीतली पुतणी पुढे आली आणि म्हणाली, "लबाडी नाही रे, गणित आहे. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे." मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर तिने हिशेब मांडला.

पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब असते. बोटे मधोमध असली तर नोटेचे वरचे टोक बोटांच्या वर साडेसात सेंटीमीटर राहते. एवढे अंतर पडायला नोटेला साधारण ०.१२ सेकंद लागतात. आणि आपल्या डोळ्यांनी पाहून, मेंदूला कळून, बोटे मिटायला जवळजवळ ०.२ सेकंद लागतात. म्हणजे बोटांना हुकूम पोहोचेपर्यंत नोट निघून गेलेली असते. सगळे हसले. दादी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे तू पोरांना फसवतच होतास!"

हसण्यावारी गेलेला हा हिशेब दोन महिन्यांनी आम्हाला वेगळ्याच कारणाने आठवला. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावरून एक लहान कुंडी खाली पडली. जिथे पडली तिथे थोड्या वेळापूर्वी मुले गोट्या खेळत होती. मगरिबची वेळ झाली म्हणून ती आत गेली होती, एवढेच. कोणाला लागले नाही. संध्याकाळी सगळे रहिवासी जमले तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "एवढीशी तर कुंडी होती, हलकी. मोठी असती तर गोष्ट वेगळी." बऱ्याच जणांनी मान डोलावली.

हलकी वस्तू सावकाश पडते आणि जड वस्तू वेगाने पडते, हा समज आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असतो. शाळेत उलटे शिकलो असलो तरी मनात तोच राहतो. तो खरा नाही, आणि घरात लहान मुले असतील तर तो धोक्याचाही आहे. म्हणून हा विषय आज वाचकांसमोर मांडत आहोत.

परातीवर करून पाहा

आमच्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका. घरी करून पाहा. स्वयंपाकघरातली परात जमिनीवर उलटी ठेवा. एका हातात मोठा बटाटा आणि दुसऱ्या हातात एक रुपयाचे नाणे घ्या. दोन्ही हात डोक्याच्या वर, सारख्या उंचीवर धरा आणि दोन्ही वस्तू एकाच वेळी सोडा. घरातल्या मंडळींना डोळे मिटून आवाज ऐकायला सांगा. बटाटा नाण्याच्या कितीतरी पट जड आहे. जड वस्तू तितक्या पटीने वेगाने पडत असती तर परातीवर दोन वेगळे आवाज ठळक ऐकू आले असते. प्रत्यक्षात ते जवळजवळ एकच वाटतात. थोडा फरक आलाच तर तो हात मागेपुढे सुटल्यामुळे येतो. दहा वेळा केले तर कधी नाणे आधी वाजेल, कधी बटाटा.

असाच प्रयोग १५८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात नोंदवलेला आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात सायमन स्टेविन आणि त्याच्या एका मित्राने शिशाचे दोन गोळे तीस फूट उंचीवरून सोडले. एक दुसऱ्याच्या दहापट जड होता. खाली लाकडी फळी ठेवली होती, म्हणजे आवाज स्पष्ट यावा. दोन्ही गोळ्यांचा आवाज एकच आल्यासारखा ऐकू आला. आपली परात म्हणजे स्टेविनची ती फळीच समजा.

जुना समज आणि त्यावर शंका घेणारे

जड वस्तू आधी पडते हे मत मांडणारा काही लहानसहान माणूस नव्हता. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने तसे लिहिले, आणि त्याचा दबदबा एवढा की पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे बहुतेकांनी ते मान्य केले. आपल्याकडे ज्याला अरस्तू म्हणतात तो हाच.

पण मान्य करणाऱ्यांमध्ये शंका घेणारेही होते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात जॉन फिलोपोनस हा विद्वान होऊन गेला. अरबी ग्रंथांत त्याला याह्या अन्-नहवी म्हणतात. त्याने लिहिले की दोन वजने एकमेकांपेक्षा कितीतरी वेगळी असली तरी त्यांना पडायला लागणाऱ्या वेळेत अगदी थोडा फरक दिसतो. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सारागोसाचे इब्न बाज्जा यांनी हवा किंवा पाणी यांच्या अडथळ्याचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की माध्यम फक्त वेग कमी करते. अडथळा काहीच नसला तरी वस्तूला पडायला वेळ लागणारच. त्याच शतकात बगदादमध्ये अबुल बरकात अल्-बगदादी हे हकीम आणि विचारवंत होते. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत का जातो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी 'किताब अल्-मुअतबर' या ग्रंथात शोधले. वस्तूचा जडपणा तिला सतत नवी ओढ देत राहतो, आधीची ओढ शिल्लक असतानाच नवी तिच्यात मिसळते आणि त्यामुळे वेग वाढतो, असा त्यांचा विचार होता.

हे आपण अभिमानाने सांगावे, पण जितके आहे तितकेच सांगावे. 'सगळे आपल्याच लोकांनी आधी शोधून ठेवले होते' असे भाषणांत ऐकू येते. ते बरोबर नाही. या थोर माणसांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. प्रयोगात मोजून, आकड्यांत बसवलेला नियम मात्र गॅलिलिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दिला. ज्ञानाच्या या वाटेवर अलेक्झांड्रिया, सारागोसा, बगदाद, डेल्फ्ट आणि पादुआ ही सगळी गावे लागतात.

गॅलिलिओने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ती त्याच्या एका शिष्याने नंतर लिहून ठेवली आणि ती खरोखर घडली का याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पण त्याने मांडलेला एक युक्तिवाद त्याच्या पुस्तकातच आहे आणि त्याला मनोऱ्याची गरज नाही. समजा, मोठा दगड वेगाने पडतो आणि लहान दगड सावकाश. आता दोघांना दोरीने एकत्र बांधा. सावकाश पडणारा लहान दगड मोठ्याला मागे ओढील, म्हणून जोडी मोठ्या दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचे वजन तर मोठ्या दगडापेक्षा जास्त आहे, म्हणजे ती अधिक वेगाने पडायला हवी. एकच जोडी हळूही पडणार आणि वेगानेही पडणार, हे कसे शक्य आहे? म्हणजे मूळ समजच चुकीचा. दादींना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बादलीला तांब्या बांधला म्हणून बादली हळू पडेल, असं कोण म्हणेल?"

दर सेकंदाला काय घडते

पडणारी वस्तू इतकी झटपट खाली येते की डोळ्यांना काही मोजता येत नाही. गॅलिलिओच्या काळी सेकंद अचूक मोजणारे घड्याळ सहज मिळत नव्हते. त्याने पडणेच मंद केले. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत गुळगुळीत खाच केली, तुळई थोडी तिरकी ठेवली आणि खाचेतून काशाचा गोळा घरंगळत सोडला. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी पेल्यात धरले आणि त्या पाण्याचे वजन केले. हा प्रयोग पुन्हा पुन्हा केल्याचे त्याने १६३८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे.

त्यातून जे निघाले ते फार सुंदर आहे. पहिल्या ठरावीक वेळात गोळा जेवढे अंतर जातो त्याला एक भाग म्हणा. दुसऱ्या तेवढ्याच वेळात तो तीन भाग जातो, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्या येत राहतात. त्यांची बेरीज करत जा. एक, चार, नऊ, सोळा. म्हणजे वेळ दुप्पट झाली तर अंतर चौपट, वेळ तिप्पट झाली तर अंतर नऊपट.

सरळ खाली पडणाऱ्या वस्तूलाही हाच नियम लागू आहे. पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो. याला गुरुत्वीय त्वरण म्हणतात. पहिल्या सेकंदात वस्तू ४.९ मीटर पडते, दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५ मीटर. या हिशेबात वजनाचा आकडा कुठेही येत नाही, हे लक्षात घ्या.

मग वजन जाते कुठे?

पुतण्याचा प्रश्न रास्त होता. "जड दगडाला पृथ्वी जास्त जोराने ओढते ना? मग तो आधी का पडत नाही?"

पृथ्वी जड दगडाला जास्त जोराने ओढते, हे खरेच आहे. हातात घेतल्यावर जो भार जाणवतो तो त्याच ओढीचा. पण जड वस्तू हलवायलाही जास्त जोर लागतो. बाजारातली हातगाडी डोळ्यांसमोर आणा. एका गाडीवर एक पोते आहे आणि ढकलायला एक माणूस. दुसऱ्या गाडीवर दहा पोती आहेत आणि ढकलायला दहा माणसे. दोन्ही गाड्या सारख्याच वेगाने पुढे जातील, कारण जितके ओझे वाढले तितकाच जोरही वाढला. पडणाऱ्या दगडांचे तसेच आहे. दहापट वस्तुमानाच्या दगडाला ओढ दहापट, आणि त्याला हलवण्याची अडचणही दहापट. दोन्ही एकमेकांना भागून जातात आणि वेग सारखाच राहतो. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथाने हा हिशेब पक्का केला.

आजही शास्त्रज्ञ हे तपासत असतात. २०१६ साली फ्रान्सच्या पुढाकाराने अवकाशात सोडलेल्या 'मायक्रोस्कोप' या उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे नळकांडे ठेवून दोन्ही सारखेच पडतात का, हे पाहिले गेले. २०२२ साली अंतिम निकाल आला. एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यांतल्या मोजक्या काही भागांएवढाही फरक सापडला नाही.

हवेचा अडथळा

"मग पीस हळू का पडते?" हा पुढचा प्रश्न येणारच. त्याचेही उत्तर घरात आहे. वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाचा घट्ट बोळा करा, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही एकाच वेळी सोडा. बोळा सरळ खाली येतो, कागद तरंगत राहतो. दोघांचे वजन अगदी सारखे आहे, मग वेळेत फरक का पडला? कागदाला हवेचा अडथळा जास्त होतो म्हणून. हलकेपणा हे कारण असते तर दोन्ही कागद एकदमच खाली आले असते.

हवा नसेल तर काय होईल, हे २ ऑगस्ट १९७१ रोजी साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिले. अपोलो १५ मोहिमेचे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभे होते. त्यांच्या एका हातात सुमारे १.३ किलोची हातोडी होती आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस. दोन्ही त्यांनी एकदम सोडले. चंद्रावर हवा नाही. हातोडी आणि पीस बरोबरीने खाली आले आणि एकाच वेळी धुळीला टेकले. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश, म्हणून पडणे सावकाश होते, पण दोघांचे सारखेच सावकाश.

हवा अडथळा आणते याबद्दल आपण तिचे आभारच मानले पाहिजेत. दोन किलोमीटर उंचीच्या ढगातून निघालेला पावसाचा थेंब हवेशिवाय पडला असता तर जमिनीजवळ त्याचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या वर गेला असता. कौले, पिके, माणसे काही टिकले नसते. हवेमुळे मोठ्या थेंबाचाही वेग ताशी तीसेक किलोमीटरवर स्थिरावतो आणि आपण पावसात भिजू शकतो. पण ध्यानात ठेवा, हवेची ही मदत थेंबाला, कागदाला, पिसाला आणि लांबच्या प्रवासाला मिळते. तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्या कुंडीला, पान्याला, विटेला किंवा लेकराला एवढ्या थोड्या अंतरात ती जवळजवळ काहीच मदत करत नाही.

मजल्यांचा हिशेब

आता त्या कुंडीकडे परत येऊ. एक मजला साधारण तीन मीटरचा धरून पुतणीने आम्हाला हे आकडे काढून दिले.

पलंग, अर्धा मीटर: वेळ ०.३२ सेकंद, वेग ताशी ११ किलोमीटर.
ओटा किंवा टेबल, एक मीटर: ०.४५ सेकंद, ताशी १६ किलोमीटर.
एक मजला, तीन मीटर: ०.७८ सेकंद, ताशी २८ किलोमीटर.
दोन मजले, सहा मीटर: १.१ सेकंद, ताशी ३९ किलोमीटर.
तीन मजले, नऊ मीटर: १.३६ सेकंद, ताशी ४८ किलोमीटर.
चार मजले, बारा मीटर: १.५६ सेकंद, ताशी ५५ किलोमीटर.

हे आकडे एक किलोच्या कुंडीचे की दहा किलोच्या, असे कोणी विचारले तर उत्तर एकच. दोन्हींचे. वजनाचा हिशेब आदळताना होतो. जड वस्तूचा मारा जास्त असतो, यात शंका नाही. पण हलकी कुंडीसुद्धा ताशी ४८ किलोमीटरनेच येते. भरधाव मोटारसायकलवरून कोणी एक किलोचा दगड फेकून मारावा, तशी ती डोक्यावर आली असती. 'एवढीशी कुंडी' म्हणणाऱ्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या कुंड्या आत घेतल्या.

या कोष्टकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नऊ मीटरपैकी पहिले साडेचार मीटर पडायला कुंडीला जवळजवळ एक सेकंद लागतो. उरलेले साडेचार मीटर ती फक्त ०.४ सेकंदात पार करते. म्हणजे अर्ध्या वाटेवर तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले आणि त्याने 'सरक!' अशी हाक मारायला तोंड उघडले, तरी हाक पुरी होण्याआधी कुंडी जमिनीवर आलेली असेल. नोटेच्या खेळातले ते ०.२ सेकंद इथेही आडवे येतात. पाहण्यात, समजण्यात आणि हलण्यात वेळ जातो, आणि पडणारी वस्तू तोपर्यंत थांबत नाही.

पलंगाची ओळ आयांनी पुन्हा वाचावी. पालथे पडायला शिकलेले बाळ पलंगावरून घसरले तर ०.३२ सेकंदात फरशीवर येते. स्वयंपाकघरातून धावत येण्याचा तर प्रश्नच नाही, शेजारी बसलेल्या आईचा हातसुद्धा वेळेवर पोहोचेल याची खात्री नाही. 'माझे लक्ष होते तरी कसे पडले' असे म्हणून किती आया स्वतःला दोष देतात. लक्ष होते, पण वेळच नव्हता. अशा बाळाला पलंगावर एकटे न ठेवता खाली चटईवर झोपवणे, हाच त्यावरचा उपाय.

विहिरीतला खडा

हाच नियम कामालाही येतो. गावाकडे दादींच्या माहेरी जुनी विहीर आहे. तिथे पुतणीने मोठ्यांना सोबत घेऊन, कठड्याच्या बाहेरून, वाकून न बघता एक खडा आत सोडला आणि मोबाइलवर वेळ मोजली. डुबुक आवाज यायला साधारण दीड सेकंद लागला. वेळेला त्याच वेळेने गुणायचे आणि पुन्हा ४.९ ने गुणायचे. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, आणि त्याला ४.९ ने गुणले की अकरा. म्हणजे पाणी अंदाजे अकरा मीटर खोल होते. आवाज वर यायला लागणारा वेळ इतका थोडा की सोडून दिला तरी चालतो. बोटाची चूक मात्र चालत नाही. ०.२ सेकंद जास्त मोजले तर उत्तर अकराऐवजी चौदा मीटर येते. म्हणून तिने पाच वेळा मोजून सरासरी काढली.

पडण्यापेक्षा थांबणे महत्त्वाचे

काचेचा पेला हातातून सुटून गादीवर पडला तर बहुधा फुटत नाही, फरशीवर पडला तर चुरा होतो. पडताना दोन्ही वेळा वेग सारखाच होता. फरक थांबण्यात होता. गादी चार-पाच सेंटीमीटर दबते आणि पेल्याला थांबायला तेवढी जागा देते. फरशी काहीच देत नाही. थांबायला अंतर जितके कमी, तितका धक्का मोठा. दीड मीटरवरून पडलेली वस्तू अडीच सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी धक्का तिच्या वजनाच्या साधारण साठपट असतो. तीच अर्ध्या सेंटीमीटरमध्ये थांबली तर तो तीनशेपट होतो.

दीड मीटर म्हणजे स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची. स्कूटर नुसती उभी असताना कलंडली आणि डोके रस्त्यावर आपटले, तरी ते ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटते. हेल्मेटच्या आतला दोन-तीन सेंटीमीटरचा थर्माकोल स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला जागा देतो. 'गल्लीतच तर जायचे आहे' म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी हा आकडा आठवावा. शेजारच्या दुकानापर्यंत जाताना डोक्याची उंची काही कमी होत नाही.

घरात काय करायचे

आमच्या इमारतीत त्या कुंडीनंतर जे ठरले, ते सगळ्यांच्या उपयोगाचे आहे म्हणून सांगतो.

गॅलरीच्या कठड्यावर आणि खिडकीच्या बाहेरच्या पट्टीवर एकही कुंडी, डबा किंवा बाटली ठेवायची नाही. कुंड्या आत, जमिनीवर.

खिडकीजवळचा पलंग, पेटी, सोफा, गॅलरीतले स्टूल आणि पालथी बादली हलवायची. चढायला पायरी मिळाली की लहान मूल चढणारच. खिडकीला आणि गॅलरीला लोखंडी जाळी, आणि गजांतून मुलाचे डोके जाणार नाही एवढीच फट. नुसती डासांची जाळी मुलाचा भार पेलत नाही.

पतंगाच्या दिवसांत गच्चीवर मोठे माणूस हजर हवे. पतंग उडवणाऱ्याची नजर आकाशात असते आणि पाऊल मागे मागे जात असते.

रंगकाम करणारा, टाकी साफ करणारा किंवा परांचीवर काम करणारा माणूस आपल्या घरासाठी उंचीवर चढतो. त्याने सुरक्षा पट्टा बांधला आहे ना, हे आपण विचारायचे. तो 'सवय आहे' म्हणाला तरी विचारायचे. त्याच्या हातातला पाना सुतळीने मनगटाला बांधलेला असावा आणि खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवावी.

आणि कोणी उंचावरून पडलेच, तर त्याला घाईने उचलून बसवू नये, पाणी पाजू नये, मान हलवू नये. आहे तसे स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बकरी ईदला पुतणीने नोटेच्या खेळाचा नियम बदलून घेतला. बोटे मधोमध न ठेवता नोटेच्या अगदी खालच्या टोकाशी ठेवायची. आता पडायला पूर्ण १५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ ०.१७ सेकंद. तरी वेळ थोडा कमीच होता. तिघांची नोट सुटली. चौथ्या खेपेला धाकट्याची बोटे अगदी वरच्या कडेवर मिटली आणि आमचे पाचशे रुपये पहिल्यांदाच गेले. तो घरभर नाचला, आणि नोट मुठीत धरून गॅलरीकडे धावला. दादींनी तिथूनच आवाज दिला, "कठड्यापासून लांब!" तो थांबला, मागे फिरला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "माहीत आहे दादी. तिथून मला कोणी पकडू शकणार नाही."